मुळशीच्या टेकडीपर्यंत आलेली वाट : कुर्ट हान आणि त्यांनी घडवलेल्या संस्था

पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे जाताना, खुबवली गावाच्या वरच्या अंगाला, काळ्या दगडाच्या भिंतींची एक निवासी शाळा आहे. महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ऑफ इंडिया हे तिचे नाव. ती १९९७ साली सुरू झाली. देशोदेशींची सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली इथे दोन वर्षे एकत्र राहतात, इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यास करतात आणि त्याच आठवड्यात डोंगरात, शेतात, आसपासच्या गावांत कामालाही जातात. हे काम अभ्यासाच्या जोडीचे आहे, सुटीतला विरंगुळा नव्हे.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा तर जमीन कधी मिळाली, इमारत कोणी बांधली, पहिली तुकडी कधी बसली अशा क्रमाने लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या शाळेच्या बाबतीत त्या क्रमाने फार थोडे हाती लागते. तिची इमारत १९९७ची असली तरी तिची रीत त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, जर्मनीतल्या एका जुन्या मठाच्या आवारात पडली. ती पाडणारा माणूस मुख्याध्यापक होता. १९५३ साली तो निवृत्त झाला आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने जे उभे केले, त्यातूनच मुळशीपर्यंतची वाट निघाली. त्या माणसाचे नाव कुर्ट हान. या संस्थेचा इतिहास त्यांच्यापासून सांगायला हवा.

उन्हाला पारखा झालेला मुलगा

कुर्ट हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधल्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील कारखानदार होते. शाळा शहरी, शिस्तीची आणि पुस्तकी होती. सोळाव्या वर्षी, १९०२ मध्ये, हान आल्प्सच्या डोलोमाइट भागात पायी भटकंतीला गेले. तिथे त्यांना ॲबट्सहोम या इंग्रजी शाळेतली मुले भेटली. सेसिल रेडी यांनी १८८९ मध्ये डर्बीशायरच्या ग्रामीण भागात काढलेल्या या शाळेत मुले शेतात राबत, सुतारकाम करत, हिंडत आणि अभ्यासही करत. त्या मुलांनी हान यांना हर्मान लिट्झ या जर्मन शिक्षकाचे ॲबट्सहोमवरचे पुस्तक दिले. शाळा अशीही असू शकते, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळले ते डोंगरवाटेवर.

दोन वर्षांनी, १९०४ मध्ये, नाव वल्हवत असताना त्यांना उष्माघात झाला. आघात मोठा होता. कित्येक महिने त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले, पुढे शस्त्रक्रियाही झाल्या. उन्हाची भीती जन्मभर सुटली नाही. रुंद कडांची टोपी ही त्यांची ओळख झाली आणि उन्हाळे ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या मोरे परगण्यात, थंड समुद्रवाऱ्यात काढू लागले. अंधाऱ्या खोलीतल्या त्या दिवसांत त्यांनी प्लेटोचे ‘रिपब्लिक’ वाचले आणि आपली शाळा कशी असेल याचे आराखडे मनात आखले.

हान यांच्या चरित्रातली ही गोष्ट त्यांच्या साऱ्या कामाचा अर्थ उलगडते. मोकळ्या हवेवर त्यांचे प्रेम होते, पण ते धडधाकट खेळाडूचे प्रेम नव्हते. शरीराने साथ सोडली की माणसाचे काय होते, ते त्यांनी सोसले होते. त्यामुळे डोंगर चढण्यात किती उंची गाठली यापेक्षा, आपल्याला जमणार नाही असे वाटत असताना मुलाने पुढचे पाऊल टाकले का, याकडे त्यांचे लक्ष राहिले. दुबळ्या, लाजऱ्या, मागे राहणाऱ्या मुलाला त्यांच्या शाळांत जी जागा मिळाली, तिचे मूळ इथे आहे.

सालेम : मठातली शाळा

ऑक्सफर्डमध्ये आणि जर्मन विद्यापीठांत शिकून हान १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होता होता, मायदेशी परतले. युद्धकाळात ते परराष्ट्र खात्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रे वाचून अहवाल करत. तिथून ते बाडेनचे राजपुत्र माक्स यांचे खासगी सचिव झाले. माक्स हे जर्मन साम्राज्याचे शेवटच्या काळातले चॅन्सेलर. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मधल्या त्यांच्या काही आठवड्यांच्या कारकिर्दीत साम्राज्य कोसळले. पराभवानंतर दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले : देशाला बुद्धिमान माणसांची वाण नव्हती, विवेकाला स्मरून उभे राहणाऱ्यांची होती. अशी माणसे शाळेतच घडू शकतील.

कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या सालेम इथे माक्स यांचा वाडा होता. तो पूर्वी सिस्टर्शियन साधूंचा मठ होता. त्याच्या एका भागात १९२० साली शाळा सुरू झाली. मुले आणि मुली दोघेही तिथे शिकत, ही त्या काळातल्या निवासी शाळेसाठी मोठी गोष्ट होती. सकाळच्या तासांच्या मधोमध धावणे, उड्या, भालाफेक यांसाठी वेळ राखलेला असे. आठवड्यातले काही तास गावातल्या कारागिरांच्या हाताखाली जात. प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेला एखादा प्रकल्प वर्षभर चालवायचा. दुपारी थोडा वेळ निजून कोणी वाचलेले ऐकायचे, एकटे राहायचे. खेळातला विजय ही मोठेपणाची एकमेव खूण होऊ द्यायची नाही, यावर हान यांचा कटाक्ष होता.

सालेमची सर्वांत विलक्षण रीत म्हणजे रोजचा तक्ता. विश्वासाला पात्र ठरलेल्या मुलाला हा तक्ता मिळे. त्यात रोज करायच्या छोट्या छोट्या गोष्टी असत : थंड पाण्याची अंघोळ, ठरावीक व्यायाम, ठरलेले पाठांतर. रात्री मुलाने स्वतःच त्यावर खुणा करायच्या. तो तक्ता कोणी तपासत नसे. ज्याने काम केले नाही त्याने तसे प्रामाणिकपणे नोंदवायचे, एवढीच अपेक्षा. पाहणारा कोणी नसताना माणूस कसा वागतो, यावर सगळी शाळा उभी करण्याचे धाडस यात होते.

१९३० च्या सुमारास हान यांनी सालेमचे सात नियम मांडले. मुलाला स्वतःची ओळख पटण्याची संधी द्या. यशाबरोबर अपयशही त्याला भेटू द्या. सर्वांच्या कामात स्वतःला विसरू द्या. शांततेसाठी वेळ राखा. कल्पनाशक्तीला वळण लावा. खेळाला महत्त्व द्या पण सत्ता देऊ नका. आणि सातवा नियम असा की, श्रीमंत आणि वजनदार घरांतल्या मुलांना विशेष हक्काच्या दुबळ्या करणाऱ्या जाणिवेतून सोडवा. राजपुत्राच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेने हा सातवा नियम स्वतःसाठी लिहावा, यात तिचा प्रामाणिकपणा दिसतो.

यातले काहीच आपले नाही, असे सालेमचे संस्थापक मोकळेपणाने सांगत. प्लेटोकडून, ग्योटेकडून, इंग्रजी शाळांकडून, ॲबट्सहोमकडून जे चांगले दिसले ते घेतले, असे त्यांचे म्हणणे असे. शिक्षणात नवे काढण्यापेक्षा कसाला लागलेले जपणे त्यांना मोलाचे वाटे.

एक पत्र आणि तुरुंग

ऑगस्ट १९३२ मध्ये सायलेशियातल्या पोटेम्पा गावात नाझी गणवेशधाऱ्यांनी एका कम्युनिस्ट मजुराला त्याच्या आईसमोर ठार मारले. न्यायालयाने मारेकऱ्यांना फाशी सुनावली, तेव्हा हिटलरने तार करून त्यांना आपला पाठिंबा जाहीर केला. हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले. सालेमशी नाते ठेवायचे की हिटलरशी, यातले एक निवडा, असा त्याचा आशय होता. शाळेच्या चालकाने सत्तेच्या उंबरठ्यावर पोचलेल्या माणसाविरुद्ध असे उघड लिहिण्याचे परिणाम काय होतील, हे त्यांना ठाऊक होते. ते स्वतः ज्यू होते, हेही ठाऊक होते.

मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडॉनल्ड यांच्यासह तिथल्या मित्रांनी रदबदली केली, तेव्हा सुटका झाली. पण बाडेन प्रांतात पाऊल ठेवायला बंदी आली. जुलैमध्ये ते ब्रिटनला गेले. तेरा वर्षे घडवलेली शाळा मागे राहिली.

संस्थेच्या इतिहासात हे प्रकरण महत्त्वाचे आहे. पुढे हान यांच्या शाळांवर कोणी ‘डोंगर चढवणाऱ्या शाळा’ असा शिक्का मारला की हे पत्र आठवावे. दोर, होडी, थंड पाणी ही त्यांची साधने होती. ज्या क्षणी सगळे गप्प असतात त्या क्षणी बोलता यावे, यासाठी ती साधने होती. मुलांना जे शिकवले ते स्वतःवर आले तेव्हा गुरुजींनी करून दाखवले.

गॉर्डनस्टन : समुद्रावरचा पहारा

आजारपणात ज्या मोरे परगण्याने त्यांना सावरले होते, तिथेच १९३४ मध्ये हान यांनी गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. सुरुवात मूठभर मुलांनिशी झाली. सालेममध्ये काही काळ शिकलेला ग्रीसचा राजपुत्र फिलिप त्याच वर्षी इथे आला. पुढे तो इंग्लंडच्या राणीचा पती झाला. राजघराण्याच्या या नात्यामुळे शाळेचे नाव गाजले. पण तिचा खरा कणा दुसरीकडे होता.

शाळेपासून जवळच होपमन हे मासेमारीचे छोटे बंदर होते. मुले तिथे शिडाच्या होड्या हाकायला शिकली. हा किनारा वादळांचा, खडकांचा, बोटी फुटण्याचा. हान यांनी किनारारक्षक दलाशी बोलून मुलांना पहाऱ्याचे काम मिळवून दिले. वादळी रात्री मुले आळीपाळीने समुद्रावर नजर ठेवत, संकटातली बोट दिसली तर वर्दी देत. हे काम लुटुपुटूचे नव्हते. चूक झाली तर कोणाचा तरी जीव जाऊ शकत होता. पुढे शाळेत अग्निशमनाचे आणि डोंगरातल्या बचावाचे पथकही झाले.

इथे हान यांच्या विचाराला त्याचे पूर्ण रूप आले. तरुणांमध्ये त्यांना सहा प्रकारची घसरण दिसत होती : शरीराची तंदुरुस्ती, पुढाकार, स्मरणशक्ती आणि कल्पना, हाताचे कसब, स्वतःवरचा ताबा आणि करुणा. यातली शेवटची त्यांना सर्वांत घातक वाटे. तिच्यावर उपाय काय? करुणेवर व्याख्यान देऊन करुणा येत नाही. ज्याला मदतीची गरज आहे अशा माणसाच्या जवळ मुलाला नेऊन उभे करावे, त्याच्या हाती खरे कसब द्यावे आणि काम त्याच्यावर सोपवावे. मग ती जागी होते. मुलांना ‘तू चांगला हो’ म्हणण्यापेक्षा ‘तुझी गरज आहे’ हे कळू द्यावे, असा हा मार्ग होता.

हे फायदे शाळेच्या भिंतीआड राहू नयेत, म्हणून १९३६ मध्ये मोरे बॅज सुरू झाला. परगण्यातला कोणताही मुलगा, तो गॉर्डनस्टनचा असो वा नसो, मैदानी कसोट्या, मोहीम, प्रकल्प आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण पुरे करून हा बिल्ला मिळवू शकत असे.

या शाळेवर टीकाही झाली आणि ती नोंदवणे इतिहासाचे कर्तव्य आहे. सकाळची धाव, थंड पाण्याची अंघोळ आणि कडक वातावरण सगळ्यांना मानवले नाही. फिलिप यांचे पुत्र चार्ल्स तिथे दुःखी होते, हे पुढे जाहीर झाले. हान यांची रीत राबवणाऱ्याच्या हातात समज नसेल तर ती नुसती कठोर होते. लाजऱ्या मुलाला सावरण्यासाठी काढलेली रीत लाजऱ्या मुलालाच चिरडू शकते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे सतत ध्यानात ठेवायला हवे.

ॲबरडोव्ही : महिनाभराची शाळा

दुसऱ्या महायुद्धात शाळेची जागा लष्कराने घेतली आणि १९४० मध्ये मुले-शिक्षक वेल्समध्ये गेले. तिथे हान यांची गाठ लॉरेन्स होल्ट यांच्याशी पडली. होल्ट हे लिव्हरपूलच्या ब्लू फनेल जहाज कंपनीचे प्रमुख होते. जर्मन पाणबुड्या त्यांची जहाजे बुडवत होत्या आणि खलाशी जीवरक्षक होड्यांतून दिवसचे दिवस समुद्रात काढत होते. होल्ट यांचे निरीक्षण असे की, अशा होड्यांत तगड्या तरुण खलाशांपेक्षा शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्क खलाशी अधिक तग धरतात. अंगातल्या बळापेक्षा धीर, अनुभव आणि एकमेकांवरचा भरवसा त्यांना तारत होता.

यातून १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही इथे सुमारे महिनाभराचा शिक्षणक्रम सुरू झाला. व्यापारी जहाजांवरचे उमेदवार, कारखान्यांतले शिकाऊ कामगार आणि शाळकरी मुले एकाच तुकडीत होती. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी खलाशी जो शब्द वापरतात, तोच होल्ट यांनी शाळेला दिला : आउटवर्ड बाउंड. समुद्राचे शिक्षण द्यायचे नसून समुद्राकडून शिक्षण घ्यायचे आहे, असे या कामाचे सूत्र होते.

गॉर्डनस्टनला जे वर्षानुवर्षांत होई ते इथे महिन्यात करायचे होते, आणि तेही फी परवडणाऱ्यांपुरते नाही. १९४६ मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था झाली. १९५० मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या एस्कडेल इथे डोंगरातली पहिली शाळा निघाली. १९५४ मध्ये ब्रिटनबाहेर, मलायातल्या लुमुट इथे शाळा सुरू झाली आणि १९६२ मध्ये अमेरिकेत, कोलोराडोच्या पर्वतांत. आज गिर्यारोहण शिबिरे, साहस शिबिरे, नेतृत्व शिबिरे म्हणून जे जगभर चालते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम ॲबरडोव्हीत सापडतो.

निवृत्ती

प्रकृती ढासळल्यामुळे १९५३ मध्ये हान गॉर्डनस्टनमधून निवृत्त झाले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. दोन देशांत दोन शाळा उभ्या राहिल्या होत्या, एक चळवळ चालू झाली होती. इथे थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून उठल्यावर मात्र त्यांच्या कामाला मोठी मोकळीक मिळाली. आता वेळापत्रक नव्हते, पालकसभा नव्हत्या, हिशेब नव्हते. ते लोकांना भेटत, पत्रे लिहीत, पैसे जमवत आणि योग्य माणसाला योग्य कामात ओढत. माणूस हेरणे आणि त्याला ‘हे तूच करायला हवेस’ असे पटवणे, ही त्यांची मोठी हातोटी होती.

मोरे बॅजची कल्पना देशभर न्यावी, असा लकडा त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे, म्हणजे आता एडिंबरोचे ड्यूक असलेल्या फिलिप यांच्याकडे लावला. १९५६ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो पुरस्कार योजना सुरू झाली. तिचे पहिले संचालक होते जॉन हंट, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. तेनसिंग आणि हिलरी यांना शिखरावर पोचवणाऱ्या मोहिमेच्या नेत्याने पुढची वर्षे सामान्य मुलांच्या छोट्या मोहिमांसाठी द्यावीत, यात हान यांच्या विचाराचे सार आहे. या योजनेत कोणाला हरवायचे नसते. प्रत्येकाने आपल्या कालच्या मर्यादेपुढे जायचे असते. सेवा, मोहीम, छंद किंवा कसब आणि तंदुरुस्ती अशी तिची अंगे. पुढे ती अनेक देशांत पसरली. भारतातही ती आली.

१९६६ मध्ये हान यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांच्या विचाराने चालणाऱ्या शाळांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन राउंड स्क्वेअर हा शाळांचा संघ बांधला. गॉर्डनस्टनच्या आवारातल्या एका गोल इमारतीचे हे नाव. भारतातल्या अनेक जुन्या निवासी शाळा या संघाच्या सभासद झाल्या. त्यांच्या वसतिगृहांतली सेवा आणि मोहीम यांची परंपरा या संघामुळे जगाशी जोडली गेली.

सेंट डोनट्सचा किल्ला

मुळशीशी थेट नाते सांगणारा टप्पा हा आहे. १९५५ मध्ये हान यांनी पॅरिसमधल्या नाटो संरक्षण महाविद्यालयाला भेट दिली. एअर मार्शल लॉरेन्स डार्वाल त्याचे प्रमुख होते. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे अधिकारी तिथे एका टेबलाशी बसून एकत्र प्रश्न सोडवत होते. हे पन्नाशीच्या अधिकाऱ्यांना जमते तर सतरा वर्षांच्या मुलांना का जमू नये? मने घट्ट होण्याआधी त्यांना एकत्र राहू दिले तर?

सात वर्षांच्या खटपटीनंतर, सप्टेंबर १९६२ मध्ये, दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावरच्या सेंट डोनट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज उघडले. मध्ययुगीन किल्ला, खाली ब्रिस्टल खाडी, भरती-ओहोटीचा प्रचंड फरक आणि धोक्याचे प्रवाह. पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होअर हे आरमारातून आलेले रिअर ॲडमिरल होते. गॉर्डनस्टनच्या पहाऱ्याची परंपरा इथे समुद्रातल्या बचावकार्याच्या रूपाने आली. उथळ, खडकाळ पाण्यात चालणारी आणि बुडणाऱ्या माणसाला सहज आत घेता येईल अशी होडी हवी होती. ती बाजारात नव्हती. होअर आणि विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून टणक तळाची आणि हवेच्या फुगीर कडांची होडी बनवली. तिचे हक्क त्यांनी ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला एका पौंडाच्या नाममात्र मोबदल्यात दिले. आज जगभर बचाव पथके, तटरक्षक दले आणि आरमारे अशा होड्या वापरतात. शाळेतल्या मुलांच्या हातून घडलेल्या या वस्तूने किती जीव वाचले असतील, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

कॉलेजने अभ्यासातही वाट काढली. वेगवेगळ्या देशांच्या मुलांना कुठल्याही विद्यापीठात जाता यावे म्हणून तयार होत असलेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अवलंब करणाऱ्या पहिल्या शाळांत ते होते. १९६७ मध्ये मुली आल्या. लॉर्ड माउंटबॅटन यांनी पुढाकार घेऊन या एका कॉलेजातून चळवळ उभी केली आणि युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस हे नाव रूढ झाले. १९७४ मध्ये कॅनडात पिअर्सन कॉलेज सुरू झाले. वर्णभेदाला नकार म्हणून १९६३ मध्ये स्वाझिलंडमध्ये निघालेली वॉटरफोर्ड कम्हलाबा ही शाळा पुढे या कुटुंबात आली. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली तिथे शिकल्या. मग हाँगकाँग, नॉर्वे आणि १९९७ मध्ये भारत.

हान यांनी यातले थोडेच पाहिले. आयुष्याच्या अखेरीस ते जर्मनीत परतले होते. १४ डिसेंबर १९७४ रोजी सालेमजवळच्या हर्मान्सबर्ग इथे त्यांचे निधन झाले. ज्या प्रांतातून त्यांना हाकलले होते, त्याच प्रांतात, सालेमच्या मातीत त्यांना पुरले.

मुळशी

उद्योगपती हरीश महिंद्रा यांच्या पुढाकाराने आणि महिंद्रा परिवाराच्या आधाराने भारतातले कॉलेज उभे राहिले. पुण्यात स्थायिक झालेले वास्तुरचनाकार क्रिस्टोफर बेनिंजर यांनी त्याची रचना केली. टेकडीचा उतार, स्थानिक काळा दगड आणि सह्याद्रीचा पाऊस यांना धरून ही वास्तू बसवलेली आहे.

जागा निवडताना ज्यांनी निसर्ग पाहिला त्यांनी नकळत इतिहासही निवडला. हे मुळा खोरे मावळ्यांचे आहे. टाटा कंपनीच्या धरणासाठी भातखाचरे आणि गावे पाण्याखाली जाणार हे दिसल्यावर १९२१ मध्ये इथे मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. सालेमची शाळा नुकतीच रांगायला लागली होती, त्याच वर्षांत इथले शेतकरी आपल्या जमिनीसाठी तुरुंगात जात होते. धरण झाले, वीज मुंबईला गेली आणि विस्थापितांच्या पिढ्या डोंगराच्या कडेने राहिल्या. अशा खोऱ्यात जगभरची मुले शिकायला येतात, तेव्हा शेजार हा त्यांच्या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड विषय ठरतो. हान यांचा सातवा नियम इथे आणखी नेमका लागू पडतो. टेकडीवर राहणाऱ्याने खालच्या गावाकडे उपकार करण्याच्या भावनेने पाहू नये. त्याने आधी ऐकावे, शिकावे आणि मग हात लावावा.

या डोंगरांच्या गरजाही खऱ्या आहेत. होळीच्या आसपास गवत वाळते आणि वणवे पेटतात. जाळरेषा वेळेवर काढली नाही तर एका रात्रीत डोंगर काळा होतो, गुरांचा चारा आणि रोपटी जातात. पावसाळ्यात ओढे फुगतात, दरडी सुटतात. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत राहणे म्हणजे काय असते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शेजारच्या लोणावळ्यात ‘शिवदुर्ग मित्र’सारखी संस्था दऱ्यांत अडकलेल्यांना आणि पडलेल्यांना वर काढण्यासाठी रात्री-अपरात्री धावते. तिथल्या तरुणांनी हान यांचे नाव ऐकले असेल वा नसेल. हान यांना हवे होते ते काम हेच. मोरेच्या किनाऱ्यावर मुले वादळाकडे डोळे लावून बसत, तसे काम या डोंगरांतही आहे आणि ते मागायला फार दूर जावे लागत नाही.

संस्थेने काय जपावे

कुर्ट हान यांच्या हातून घडलेल्या संस्थांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळक होते. सालेम त्यांना जबरदस्तीने सोडावे लागले, गॉर्डनस्टन आजारपणाने, आउटवर्ड बाउंड पहिल्यापासूनच इतरांच्या हाती सोपवले आणि अटलांटिक कॉलेजचे ते कधी मुख्याध्यापक झाले नाहीत. तरी चारही टिकल्या. संस्थापकाच्या तसबिरीवर अवलंबून असलेली संस्था त्याच्या माघारी सुकते. इथे संस्थापकाने पहिल्या दिवसापासून खरी जबाबदारी मुलांच्या हाती दिली होती : पहाऱ्याची, होडीची, दोराची, स्वतःच्या तक्त्याची. जबाबदारी ज्यांच्या हाती असते ते संस्था सांभाळतात.

म्हणून या स्मरणिकेत इमारती, तुकड्या आणि पाहुणे यांच्या नोंदींइतकीच दुसरी नोंदही ठेवावी लागेल : यंदा कोणत्या वस्तीला आपली गरज होती आणि आपण गेलो का, कोणत्या मुलाला आपण ‘तुला जमेल’ म्हटले आणि कोणत्या मुलाच्या बाबतीत घाई केली, फी भरू न शकणाऱ्या किती घरांतली मुले टेकडीवर पोचली. परीक्षेचे निकाल कोणतीही चांगली शाळा देऊ शकते. जिच्या मुलांची वाट शेजारचे गाव संकटात पाहते, ती शाळा मात्र वेगळी असते. ती होण्यासाठी लागणारे सारे मुळशीत हाताशी आहे : डोंगर आहे, पाऊस आहे, कसोटी पाहणारा शेजार आहे आणि सतरा वर्षांच्या मुलांचे बळ आहे. आता इथे शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी ते काम दर वर्षी नव्याने हाती घ्यायचे आहे.